दोन बोटं मातीतला संसार

भाद्रपद लागला की मंडईत तेरड्याच्या जुड्या येऊ लागतात. ज्यांच्याकडे तेरड्याच्या गौरी बसतात त्यांची तर या जुड्यांसाठी धांदलच उडते. एरवी हाच तेरडा आपण टोमणा मारायला वापरतो. कुणाची हौस चार दिवसांत ओसरली की ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून मोकळ्या होतो! पण भगिनींनो, ज्या दिवसांत आपण गौरीच्या तयारीत बुडालेल्या असतो, त्याच दिवसांत साताऱ्याजवळच्या एका पठारावर या तेरड्याची रानातली बहीण उघड्या कातळावर जांभळ्या-गुलाबी रंगाची सतरंजी अंथरत असते. तिला ना कुणी खत घातलेलं, ना पाणी. आणि पायाखाली माती किती, तर जेमतेम दोन बोटं!

हे कासचं पठार. नाव तुम्ही ऐकलं असेलच. कुणी जाऊनही आल्या असाल. फुलांचे फोटो तर घरोघरी मोबाइलवर फिरत असतात. पण हे पठार फुलतं कसं, आणि आपल्याच हौसेपायी ते कोमेजू कसं शकतं, हे काही फोटोत दिसत नाही. ते समजून घेतलं, तर पुढची सहल निराळी होईल. शिवाय आपल्या सासर-माहेरच्या उघड्या माळाकडे बघायची नजरही थोडी बदलेल.

एवढंसं पठार, केवढी गर्दी

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर पश्चिमेला गेलं की कास येतं. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १२०० मीटर. क्षेत्र म्हणाल तर अकराशे हेक्टरांच्या आसपास. शेजारची कोयना आणि चांदोलीची जंगलं शेकडो चौरस किलोमीटर पसरलेली. त्यांच्यापुढे कास म्हणजे वाड्याच्या मानाने अंगणच. पण या अंगणात फुलझाडांच्या साडेआठशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतली महाराष्ट्रातली ठिकाणं चार : कोयना, चांदोली, राधानगरी आणि आपलं हे कास. बाकीची तिन्ही दाट जंगलांसाठी प्रसिद्ध. कासला मात्र पठारावर डोळ्यांत भरेल असं झाड क्वचितच दिसतं. मग त्याला एवढा मान कशाचा? तर त्याच्या उघडेपणाचा!

तव्यासारखा कातळ

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर. हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. त्यातल्या वरच्या खडकाची ऊन-पावसाने झीज होऊन, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोखंडाचा अंश मागे राहिला. त्यातून तयार झाला लालसर जांभा दगड. कासच्या माथ्यावर याच जांभ्याचं झाकण आहे. कोकणात अशा जागेला ‘सडा’ म्हणतात.

या कातळावर माती टिकणार कशी? पावसाने धुऊन नेलेली, वाऱ्याने उडवलेली, उरलीसुरली माती जिथे खळगा मिळेल तिथे साठते. कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे नुसतीच शेवाळ्याची साय. एवढ्या मातीत मोठ्या झाडाचं मूळ जाणार कुठे? म्हणून इथे झाडं नाहीत. ती कुणी तोडली म्हणून नव्हे, तर मुळातच इथे ती उभी राहू शकत नाहीत म्हणून.

जून ते सप्टेंबर पाऊस नुसता कोसळत असतो. खळग्यांतून पाणी साचतं, माती स्पंजासारखी भिजून राहते आणि पठाराचा बराच भाग पाणथळ होतो. पाऊस गेला की दोन महिन्यांत सगळं उलटं. ऊन तापतं, दगड तव्यासारखा होतो आणि पठारावर पिवळं वाळकं गवत तेवढं उरतं. म्हणजे बघा, जागा एकच, पण वर्षातले चार महिने दलदल आणि उरलेले महिने कोरडा माळ. दोन्ही टोकं सोसेल त्यानेच इथे संसार थाटावा, असा इथला नियम.

उपाशी मातीची हुशार लेकरं

आणखी एक अडचण आहे. सततच्या पावसाने मातीतला कस धुऊन जातो. आपण कुंडीतल्या झाडाला रोज भसाभस पाणी घातलं की दोन महिन्यांत पानं पिवळी पडतात ना, तसंच. झाडाला लागणारं नत्र इथे फार थोडं. मग काही झाडांनी काय करावं? त्यांनी चक्क मांसाहार पत्करला!

‘दवबिंदू’ नावाचं एक चिमुकलं झाड इथे ओलसर जागी उगवतं. पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. वाटतं, दव पडलंय. पण तो असतो डिंकासारखा चिकट रस. चिलट त्यावर बसलं की अडकलंच. मग आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि पान त्याचा रस शोषून घेतं. इंग्लंडच्या दलदलीत उगवणाऱ्या याच्याच एका भावंडावर चार्ल्स डार्विनने कित्येक वर्षं प्रयोग केले. पानांना मांसाचे बारीक कण, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग असं काय काय भरवून पाहिलं आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. तिकडची दलदल बारमाही, शेवाळ्याच्या जाड थरांची; आपली चार महिन्यांची पाहुणी. पण उपासमार दोन्हीकडे सारखीच, म्हणून तोडगाही सारखाच.

दुसरी तऱ्हा ‘सीतेच्या आसवां’ची. निळी-जांभळी, नखाएवढी फुलं. सीतामाईच्या डोळ्यांतून गळलेली आसवं म्हणून हे नाव. दिसायला इतकं करुण फूल, पण खाली ओल्या मातीत त्याने बारीक पिशव्यांचे सापळे लावलेले असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की झडप उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि झडप बंद. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं!

पंधरवड्याला नवं लुगडं

कासला एकदा जाऊन ‘सगळं पाहिलं’ असं होतच नाही. दर पंधरवड्याला पठार नवं लुगडं नेसतं म्हणा ना.

जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या चवराचे तुरे वर येतात. चवर हळदीच्या कुळातला. त्याच्या कंदापासून महाबळेश्वराकडे पूर्वी तवकिलासारखं सत्त्व काढत. मग जमिनीलगतच्या आमरी, म्हणजे ऑर्किडं, फुलतात. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात खरी बहार. पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, जणू कुणी शर्टाची बटणं काडीला लावून खोचली आहेत. त्यांच्यात मिसळलेली सीतेची आसवं आणि तेरड्याचे गुलाबी ताटवे. त्यानंतर पिवळी पाळी. कवल्याच्या कुळातली एक पिवळी फुलं येतात. पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके. मुलं त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात. याच कुळातल्या कवल्याची पावसाळी पालेभाजी आपल्यापैकी कित्येकजणी करतातच की! शेवटी सोनकी येते आणि पठार पिवळंधमक होतं.

तळ्यात कुमुदिनी, डबक्यात वायतुरा. हा वायतुरा विशेष लक्षात ठेवण्यासारखा. पठारावरच्या उथळ पाण्यात उगवणाऱ्या या वनस्पतीची शास्त्रात नवी जात म्हणून नोंद झाली १९८२ साली, आणि तिच्या शास्त्रीय नावात सातारा कायमचा जाऊन बसला. उत्तर सह्याद्रीतली थोडी पठारं सोडली तर जगात दुसरीकडे कुठेही ती आढळत नाही. आणि टोपली कारवी? ती सात वर्षांतून एकदाच फुलते. तिचं वर्ष गाठणं हे नशिबाचं काम.

बेगमीचे दिवस

ऑक्टोबर उलटला की माणसं कासकडे फिरकत नाहीत. ‘आता काय उरलंय तिथे?’ असं म्हणतात. पण खरं घर तेव्हाच चालू असतं. उन्हाळ्यात आपण पापड-कुरडयांची, वर्षाच्या धान्याची बेगमी करतो ना, तशी या झाडांनी आपली बेगमी आधीच करून ठेवलेली असते. चवर, आमरी, वायतुरा यांनी अन्न कंदांत साठवलेलं असतं. तेरडा, गेंद यांचं आयुष्य एका पावसाचं. त्यांची सगळी पुंजी म्हणजे बी. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी चहूकडे उडतं, हा खेळ लहानपणी आपण सगळ्याच खेळलो आहोत. ते बी पुढच्या जूनपर्यंत त्या दोन बोटं मातीत, वाळक्या गवताच्या आडोशाला पडून राहतं.

आता हिशेब करा. तेरड्याचं एक रोप फुलातच खुडलं, तर त्याचं बी धरणारच नाही. म्हणजे पुढल्या वर्षीची रोपं गेली. ओल्या मातीवर पाय पडला, तर माती दाबली जाते, कंद चेंगरतो, खळग्यातलं पाणी वाट बदलतं. बागेतली माती आपण खुरप्याने पुन्हा भुसभुशीत करतो. इथे खुरपं चालवायला माती आहे कुठे? एका माणसाच्या एका पावलाने काही होत नाही, हे खरं. पण सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं येतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपलं तर एकच पाऊल!

या कोरड्या गवतात मुक्कामाला असणारेही असतातच. टिटवी उघड्यावर दगडगोट्यांत अंडी घालते, चंडोल गवताच्या आडोशाला घरटं करतो. उन्हाळ्यात कुणी निष्काळजीपणे काडी टाकली की वणव्यात तेही जातं.

कुंपण घालावं की नको?

जागतिक वारशात नाव लागलं तशी गर्दी लोटली. घाटात गाड्यांच्या रांगा, फुलांत बसून फोटो, आडवं पडून फोटो, सगळंच सुरू झालं. गर्दी आवरेना तेव्हा पठाराच्या फुलांच्या भागाला जाळीचं कुंपण घालण्यात आलं. हंगामात दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा आली, आधी नोंदणी आणि शुल्क आलं. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांतल्या माणसांच्या समित्या वनखात्याबरोबर ही व्यवस्था पाहू लागल्या. त्यातून गावातल्या मुलामुलींना हंगामी कामही मिळालं. हे चांगलंच झालं.

पण कुंपणाने एक वेगळाच पेच उभा केला. माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. इथल्या धनगरांची, शेतकऱ्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या या माळावर चरत आली होती. गुरं गवत खातात, त्यामुळे ते फार माजत नाही आणि बुटक्या फुलांना ऊन मिळतं. चराई थांबल्यावर गवत उंच झालं आणि फुलं कमी झाली, असं गावकरी सांगू लागले. काही अभ्यासकांनीही त्यांना दुजोरा दिला. काही वर्षांनी कुंपण काढून टाकण्यात आलं.

यातून आपण काय घ्यायचं? एवढंच, की एखादी जागा जपायची म्हणजे तिला काचेच्या कपाटात ठेवायची असं नाही. लेकराला जपतो म्हणून आपण त्याला कोंडून ठेवत नाही. कुणी कधी यायचं, किती वेळ थांबायचं, काय खायचं आणि काय नाही याचा ताळमेळ लागतो. गुरं किती आणि कधी हा प्रश्न तारतम्याचाच आहे; फार चराईही वाईटच. तो प्रश्न तिथे राहणाऱ्यांना विचारून सुटेल, त्यांना वगळून नव्हे.

‘पडीक’ म्हणजे रिकामं नव्हे

आता जरा आपल्या अंगणात येऊ. सातबाऱ्यावर लागवडीला निरुपयोगी जमिनीला ‘पोटखराब’ म्हणतात. सरकारी नकाशांत अशा कित्येक माळांची गणना पडीक जमिनीत होते. हा शब्द कानाला इतका सवयीचा झालाय, की जे पडीक ते रिकामं आणि जे रिकामं ते कशालाही वापरावं, असं आपण धरूनच चालतो. साताऱ्याजवळच्याच चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. कोकणात सड्यांवरून जांभ्याचे चिरे काढले जातात. कुठे सुरुंग लावून खड्डे घेतात आणि बाहेरून माती आणून आंब्या-काजूची कलमं लावतात. वीज हवी, घराला चिरा हवा, बागायतही हवी. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण जाणाऱ्या जागेवर काय होतं हे आधी एकदा पावसाळ्यात जाऊन पाहिलं तरी पाहिजे. तुमचं माहेर रत्नागिरीकडचं, राजापूर-देवगडकडचं असेल, तर गणपतीला गेल्यावर गावाबाहेरच्या सड्यावर एक फेरी मारा. तोच गेंद, तीच सीतेची आसवं तिथेही भेटतील, तिकीट न काढता!

या उघड्या कातळाचा आणि आपल्या हंड्याचा संबंधही आहे बरं का. पठारावर पडलेलं पाणी खळग्यांत थांबतं, जांभ्याच्या भेगांतून हळूहळू झिरपतं आणि खाली झऱ्यांना येऊन मिळतं. कासचा तलाव ब्रिटिशांच्या काळात बांधलेला. साताऱ्यातल्या कित्येक घरांच्या नळाला आजही त्याचं पाणी येतं.

आणि एक नाजूक गोष्ट. आपली महिला मंडळं, शाळा मोठ्या उत्साहाने वृक्षारोपण करतात. अगदी स्तुत्य! पण झाड लावायला उघडा सडा किंवा गवताळ माळ शोधू नका. तिथे झाड बहुधा जगत नाहीच, आणि जगवायचं म्हणून खड्डे घेतले, माती टाकली, तर जे हजारो वर्षं तिथे नांदत होतं ते जातं. गावाचा रस्ता, शाळेचं आवार, शेताचा बांध, ओढ्याकाठ या झाडांच्या जागा. प्रत्येक भांड्याची फळी ठरलेली असते, तसंच हे.

कासला जाताय? मग एवढं कराच

० ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळा. नोंदणी घरूनच करून निघा. वेळा आणि शुल्क त्या वर्षीचे पाहून घ्या.

० छत्री वाऱ्यात उलटी होते. रेनकोट बरा. साडी नेसणार असाल तर ती थोडी वर खोचा. पायांत चप्पल नको. पकड असलेले बूट हवेत, कारण शेवाळलेला कातळ घसरडा असतो. आजी-आजोबांना काठी द्या.

० डबा पठारावर उघडू नका. खाणं आधी किंवा नंतर, खाली. चुरगळलेला कागद, केळ्याचं साल, सगळं पिशवीत भरून परत आणा. ‘साल कुजून जाईल’ म्हणू नका; या मातीला तुमचं खतही नको आहे. उपाशी राहणं हाच तिचा गुण!

० आखलेली वाट सोडू नका. फोटो काढायचा तर वाटेवर बसून काढा. फुलं सगळी बुटकी आहेत. उकिडवं बसलं की नीट दिसतात.

० मुलांना वीस-तीस रुपयांचं भिंग घेऊन द्या. दवबिंदूवर अडकलेलं चिलट एकदा भिंगातून दाखवा. परत येताना गाडीत मोबाइल मागणार नाहीत!

० देवाला वाहायलाही एक फूल खुडू नका. वेणीत माळायला तर नाहीच.

० गावातल्या मार्गदर्शकाला बरोबर घ्या. नावं त्यांना ठाऊक असतात आणि चार पैसे गावात राहतात.

० जमलं तर एकदा जानेवारीतही जा. गर्दी नसते. वाळलेलं गवत, तापू लागलेला दगड आणि वारा. तेव्हा पायाखालच्या दोन बोटं मातीत काय काय निजलंय, हे तुम्हाला माहीत असेल.

भगिनींनो, थोडक्यात भागवून घर सुखाचं करणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कासच्या फुलांनी तेच केलं आहे. मातीच्या एका पातळ थरात, चार महिन्यांच्या पाण्यावर, साडेआठशे जातींचं बिऱ्हाड! त्यांना आपल्याकडून काही नको. आपलं पाऊल वाटेवर आणि आपला हात फुलापासून दूर, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. मग नातवंडांना घेऊन गेलो, तरी हा तेरडा तिथे भेटेल. तीन दिवसांचा नव्हे, दरसालचा.